मार्थेचा कारभार

कोणत्याही संस्थानाची खरी सत्ता गादीवर बसलेल्या अधिपतीच्या हाती नसून दफ्तराच्या किल्ल्या बाळगणाऱ्या कारभाऱ्याच्या हाती असते, हा सिद्धांत ज्यांना पेशवाईच्या बखरी वाचूनही पटला नसेल, त्यांनी ऑक्टोबर महिन्यात भोसरी-चाकण पट्ट्यातील एखाद्या कॅथलिक धर्मग्रामाचा कारभार डोळ्यांखालून घालावा. तेथे वेदीवर फादर असतात, फादरांच्या वर बिशप, बिशपांच्या वर रोम आणि सर्वांच्या वर साक्षात परमेश्वर. परंतु मेणबत्त्यांचा पुडा कोणत्या कपाटात आहे, हे या समग्र परंपरेत केवळ एका सत्ताविशीतल्या मुलीला ठाऊक असते. तिचे खरे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ती व्यक्ती नसून वर्ग आहे, आणि त्या वर्गाचे नाव लूकने आपल्या शुभवर्तमानात केव्हाच नोंदवून ठेवले आहे. येशू घरी आला असता मरिया त्याच्या चरणांशी बसून उपदेश ऐकत राहिली आणि तिची बहीण पाहुणचाराच्या धांदलीत बुडून गेली. ती बहीण म्हणजे मार्था.

आमच्या इमारतीतील मार्थेचे घराणे मूळचे श्रीरामपूर तालुक्यातील. तिची आजी अद्याप गावीच राहते. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीची यात्रा पार पडली की आजीचे वर्ष संपते आणि नातीचे सुरू होते. फादर हेन्री डोअरिंग यांनी १९०३ साली काढलेले ‘निरोप्या’ मासिक ही आजी नातवंडांकडून मोठ्याने वाचवून घेते आणि मधेच हात वर करून छापील मजकुराशी हुज्जतही घालते. तेव्हा मार्थेच्या अंगचा अंमलदारी बाणा वडिलोपार्जित मिळकतीपैकीच समजावा. वडील टर्नरकाम शिकून भोसरीस आले व येथेच स्थायिक झाले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, त्यामागोमाग एमआयडीसी आली, आणि या माळरानावर पोटासाठी जी माणसे उतरली त्यांत नगरकडच्यांप्रमाणेच वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे आणि तमिळ मुलखातले कॅथलिकही होते. देव एक, फादर एक, परंतु भाषा अनेक आणि प्रत्येकाचा चहा निराळा, अशा या प्रजेवर राज्य करणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी पवित्र मारियेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरी मुक्कामास जाते आणि तिच्यामागोमाग शेजारपाजारची मंडळी जातात. कोणत्या दिवशी कोणाचे घर, कोणाकडे लिफ्ट बंद असल्याने मूर्ती कोणी उचलावयाची, आणि ज्यांचे परस्परांशी भाषण नाही अशा दोन घरांमध्ये तिसरे घर कोठे घालावयाचे, याचा तक्ता मार्था सप्टेंबर अखेरीसच मुक्रर करते. जपमाळेची दशके पाच आणि आग्रही भाषाही पाच, म्हणून प्रत्येक भाषेस एक दशक, असा तिने तह घडवून आणला. त्या तहात वेगाचे कलम मात्र राहून गेले. त्यामुळे मल्याळी अंकलांचे दशक सुरू झाले हे कळेपर्यंत संपलेले असते, आणि गोव्याच्या आंटी आपल्या दशकाच्या शेवटी एक भजन पदरचे घालतात, ते संपण्याच्या आशेने लहान मुले निद्राधीन होतात.

त्याहून बिकट प्रश्न अल्पोपाहाराचा. पहिल्या घरी चहा-बिस्किटे झाली की दुसऱ्या घरी वडे होतात, आणि तिसऱ्या घरच्या गृहिणीच्या चेहऱ्यावर आपण कोणापेक्षा कमी नाही हा निर्धार दिसू लागतो. यास आळा घालण्याकरिता मार्थेने गेल्या वर्षी फर्मान काढले, की चहा व एकच पदार्थ, याउपर काही दिल्यास पुढील वर्षी त्या घराचा क्रमांक शेवटचा. हुकूम सर्वांनी शिरसावंद्य मानला आणि दुसऱ्याच संध्याकाळी मिसळ दिली. मिसळ हा एकच पदार्थ, हे मार्थेला नाइलाजाने कबूल करावे लागले; पुढे भेळ आली, पावभाजी आली, आणि महिनाअखेरीस एका निवृत्त फोरमनने, थाळीसुद्धा एकच असते, असा बिनतोड युक्तिवाद करून सर्वांस जेवू घातले. मार्थेने तो निकाल वहीत नोंदवला आणि श्रीखंड दुसऱ्यांदा घेतले.

दिवसा ती चाकणास मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. पहिल्या पाळीची बस पहाटे भोसरीहून निघते, आणि तिची स्वतःची जपमाळ त्या बसमध्ये होते. मोकळ्या रस्त्यावर मोशी येईतो दोन रहस्ये, इंद्रायणीच्या पुलावर तिसरे आणि कुरुळी मागे पडता पडता पाचवे, असे तिचे वेळापत्रक आहे. परतीच्या वाटेवर चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या की आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी सारी रहस्ये आटोपूनही बस जागची हललेली नसते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची आणखी पाच रहस्ये जोडली, तेव्हा पुणे-नाशिक महामार्ग त्यांच्या नजरेसमोर असेल असे म्हणवत नाही. परंतु त्या सुधारणेची निकड जगात इतरत्र कोठे इतकी भासली असेल, असेही वाटत नाही. तिच्या शेजारच्या आसनावर आळंदीकडचे एक वारकरी फिटर तुळशीची माळ ओढत बसतात. कार्तिकी वारीच्या दिवसांत दिंड्यांमुळे बस खोळंबते, तेव्हा ते तिची क्षमा मागतात, आणि ती त्यांना सांगते, की आमच्या पुण्याच्या माजी बिशपांनी, थॉमस डाबरे यांनी, तुकोबांवर प्रबंध लिहूनच डॉक्टरेट मिळवली. तेव्हा हा खोळंबा आपण दोघांनी निम्मा निम्मा वाटून घेऊ.

खंडेनवमीस कारखान्यात यंत्रांची पूजा होते, त्या दिवशी तिचा मुत्सद्दीपणा पाहण्यासारखा असतो. तिच्या खोलीत मोजमापाचे एक किमती यंत्र आहे. त्याच्या खाली गुळगुळीत काळा ग्रॅनाइट आणि वर एक सळई, जिच्या टोकाशी माणकाचा मोहरीएवढा मणी. हा मणी वस्तूस टेकला की यंत्र मायक्रॉनचा हिशेब देते. ऑपरेटरने भक्तिभावाने नेमकी त्या सळईलाच झेंडूची माळ घातली होती आणि कुंकवाचे बोट ग्रॅनाइटकडे निघाले होते. मार्थेने त्या बोटाखाली अलगद एक कागद सरकवला, माळ दोन्ही हातांनी उतरवून कपाटाच्या मुठीला घातली आणि म्हणाली, “दादा, देवीला माप नसतं, पण आपल्याला उद्या ऑडिट आहे.” मग पेढ्यांचे तबक हाती घेऊन तिने ते सर्व विभागांत स्वतः फिरवले आणि कोणत्या पाळीचे किती उरले, याची रुजुवातही घेतली.

कारखान्याची ही शिस्त तिच्या परमार्थातही उतरली आहे. फादर अर्थातच कोणाच्या कन्फेशनविषयी अवाक्षर काढीत नाहीत. पुढचा तपशील तिने स्वतःच सांगितला. राग आला, एवढे निवेदन करून तिचे समाधान होत नाही. राग का आला, तर भावाने टाकी भरली नाही. का भरली नाही, तर तो झोपला होता. का झोपला होता, तर रात्री गिटार वाजवीत बसला होता. असे पाच वेळा ‘का’ विचारून ती पापाचे मूळ कारण शोधते, आणि ते शेवटी बहुधा दिवसाआड येणाऱ्या नळावर जाऊन ठेपते. फादरांनी प्रायश्चित्त सांगितले की ती विचारते, “मुदत किती?”

दिवाळीत तिच्या गॅलरीत चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील लागतो. शेजाऱ्यांना वाटते, या कुटुंबाने आमच्या सणाचा मान राखला. पुढे डिसेंबरात फादर घरी आले की त्यांना तो बेथलेहेमचा तारा दिसतो. मधल्या काळात तो काढून ठेवावा असे तिच्या पप्पांचे मत आहे, परंतु एकदा चढवलेले वायरिंग पुन्हा उतरवणे हा निव्वळ अपव्यय होय, यावर मार्था ठाम आहे. तिच्या नियोजनाची खरी कसोटी २०२४ साली लागली. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण, त्याच दिवशी पाडवा. दफनभूमीत प्रत्येक कबरीवर फुले वाहावयाची आणि नेमका त्याच दोन दिवसांत झेंडू सोन्याच्या भावाने विकला जाणार! मार्थेने चार दिवस आधी थेट शेतकऱ्याकडून पोती उचलली आणि घरातील न्हाणीघर फुलांच्या हवाली केले. “आपल्या आजोबांना झेंडू मिळाला, पण मला आंघोळ नाही,” ही तिच्या भावाची दरखास्त दाखल होऊन तेथेच निकालात निघाली.

तिचे लग्न ही आईची चिंता. धर्मग्रामाच्या लग्नपूर्व शिबिराचे हजेरीपत्रक मार्था गेली कित्येक वर्षे सांभाळते, तेव्हा त्या विषयातील तिचे ज्ञान नवविवाहितांहून सखोल आहे. वसईचे एक स्थळ सांगून आले होते. मुलगा विद्युत अभियंता असल्याचे कळताच तिने त्यास नाताळच्या देखाव्याचे वायरिंग दाखवले. त्याने ते दोन रविवार खपून उत्तम करून दिले. वायरिंग मंजूर झाले आहे, स्थळ विचाराधीन आहे.

मध्यंतरी एका प्रवचनात, मार्थेने कामाची दगदग सोडून मरियेप्रमाणे शांत बसावयास शिकावे, असा उपदेश झाला. आमची मार्था त्या वेळी खुर्च्या मोजत उभी होती. घरी येताना ती मला म्हणाली, “काका, लूकनं एवढं लिहिलं, पण त्या दिवशी शेवटी जेवण कोणी वाढलं ते नाही लिहिलं. योहान वाचा. भाऊ लाजरस वारला, तेव्हा मरिया घरात बसून राहिली; येशूला सामोरी धावली ती मार्था. तूच ख्रिस्त आहेस, असं तोंडावर सांगितलं ते तिनं.” मी योहान काढून वाचला. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मात्र थोडे पुढे असेही आढळले, की कबरीची शिळा बाजूस सारण्याची आज्ञा होताच, आता चार दिवस झाले, दुर्गंधी येत असेल, असा आक्षेप घेणारीही हीच मार्था. पुनरुत्थान दाराशी येऊन ठाकले असतानासुद्धा जिला व्यवहारातील अडचण दिसते आणि ती बोलून दाखवल्यावाचून राहवत नाही, तिची श्रद्धा उणी म्हणावी की इतकी मुरलेली म्हणावी, की देवाशीही घरच्यासारखे बोलता यावे? मला दुसरे उत्तर पटते.

हा निष्कर्ष मी तिला ऐकवावयास गेलो, तो तिला फुरसत नव्हती. नाताळच्या तयारीची यादी चालली होती आणि तीत आमच्या घराचे नाव लागलेले होते. “काकू, नवरात्रात तुमचे घट फार सुरेख उगवतात,” ती माझ्या पत्नीस म्हणत होती, “तेव्हा गव्हाणीपुढच्या हिरवळीचा गहू यंदा तुम्हीच पेरायचा. पेरणी पंधरा डिसेंबरला. आणि काका, रोज पाणी तुम्ही घालायचं. वीतभरापेक्षा वाढला तर रिजेक्ट.”