खारदुंगलेकर

आमच्या खारदुंगलेकरांचं खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. 2009 साली ते बुलेटवरून लेहला गेले आणि पुढे खारदुंगलाची खिंड चढले. वहिनी म्हणतात, ‘गेले ते गेलेच. परत आली ती नुसती बुलेट.’

तेव्हापासून या माणसाला कशाचंच काही वाटत नाही. नागपुरात मे महिन्यात डांबर पाघळतं, तर हे म्हणणार, ‘खारदुंगलाला मे महिन्यात बोटं गळून पडतात.’ लग्नात पंगत तासभर लांबली, तर, ‘खारदुंगलाला आम्ही दोन बिस्किटांवर दिवस काढला.’ आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढून आले की श्वास रोखून म्हणतात, ‘ऑक्सिजन बरा आहे तुमच्याकडे.’

खिंडीतल्या पाटीवर उंची 18,380 फूट लिहिली होती. प्रत्यक्षात मोजली तर ती 17,582 भरते, असं मी एकदा बोलून गेलो. पंधरा दिवस अबोला. 2021 मध्ये उमलिंगलाचा रस्ता 19,024 फुटांवर झाल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही चार मित्र संध्याकाळी त्यांच्याकडे नुसते बसून आलो.

अशा माणसाबरोबर मी नागझिऱ्याला निघालो. सरळ रस्ता म्हणजे भंडारा, साकोली आणि पुढे वीस-बावीस किलोमीटर. पण हायवेवरून जातात ते ‘ट्रॅव्हल्सवाले’. म्हणून कुही, वेलतूर करत अंभोऱ्याला जायचं, तिथे गाडीसकट नावेतून वैनगंगा ओलांडायची आणि मग भंडाऱ्याचा रस्ता धरायचा, असा बेत. पुढे ते: गुडघ्याला पॅड, छातीला चिलखत. मागे मी, स्प्लेंडरवर, स्वेटर घालून.

अंभोऱ्याला पाच नद्या मिळतात आणि खाली गोसेखुर्द धरणाने पाणी अडवल्यामुळे पात्र समुद्रासारखं पसरलेलं असतं. नव्या पुलाचे खांब उभे होते, पूल व्हायचा होता. नावेत दूधवाला, त्याचे कॅन, दोन बाया, एक शेळी आणि चार मोटरसायकली. फळीवरून बुलेट चढवताना नाव कलली आणि शेळी ओरडली.

‘भाऊ, गाडी गियरमधी ठेवा अन् धरून बसा,’ नावाडी म्हणाला.

खारदुंगलेकरांनी गाडी धरली नाही, कवटाळली. हेल्मेटची काचही खाली ओढली. तेव्हा मला कळलं, यांना पोहता येत नाही. नाव मध्यावर गेली तरी खारदुंगलाचं नाव निघेना. मला काळजी वाटू लागली.

नावाड्याचा दहा-बारा वर्षांचा पोरगा मात्र चिलखताकडे टक लावून होता. ‘काका, लढाईले जाऊन राहिले का?’

‘गेलो होतो,’ काचेआडून आवाज आला. आणि मग त्यांनी पोराला खारदुंगला सांगितला. या वेळी फुटांचा हिशोब नव्हता. डोकं फुटत होतं, उलट्या होत होत्या, बरोबरचे पुढे निघून गेलेले. बुलेटच्या आडोशाला बसून हा माणूस आईचं नाव घेत रडला. एका जवानाने गरम चहा दिला आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभा राहिला. बस, एवढंच. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. पोराने विचारलं, ‘मंग परत काहून नाही गेले?’

त्यांनी काच वर केली, हेल्मेट काढून पोराच्या डोक्यावर ठेवलं. ते त्याच्या खांद्यापर्यंत आलं.

नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटवर मोटरसायकल आत सोडत नाहीत. अस्वलं आणि गव्यांच्या जंगलात ते योग्यच आहे. पण ‘मला खारदुंगलाला कोणी अडवलं नाही!’ हे गार्डला तीनदा ऐकावं लागलं. गाडी पूर्वपदावर आली म्हणून मला हायसं वाटलं. शेवटी बुलेट गेटवर ठेवून ते जिप्सीत मागच्या सीटवर बसले, चिलखतासकट. व्यंकटेश माडगूळकर या जंगलात राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं. आमचे हे तळ्याकाठी बसले आणि गाइडला खारदुंगला सांगू लागले. गाइडची आवृत्ती अर्थातच 18,380 फुटांची होती.

2024 साली अंभोऱ्याचा पूल सुरू झाला. उंच मनोरा, केबलचे ताण, मनोऱ्यात नदी बघायला गॅलरी. खारदुंगलेकर एकटेच जाऊन आले आणि तिथूनच त्यांनी मला फोन केला.

‘मिनिटभरात संपली बे नदी.’

‘मग?’

‘खाली उतरलो. नाव आहे एक, लाइफ जॅकेटवाली. फेरी मारून आणते म्हणे. गाडी घेत नाही.’

‘आणि तो पोरगा?’

‘विचारलं. पुण्याला गेला कामाला.’

मी वाट पाहत राहिलो. त्या फोनमध्ये खारदुंगला आला नाही.