धुतल्या वाळूसारखं

माझ्या शिक्षणावर आईचा एकच आक्षेप होता. "घरी कधी तांदूळ तीन पाण्यांतून काढले नाहीस, आणि तिकडे वाळू अकरा पाण्यांतून काढतेस?" आकडा तिनं अंदाजानं ठोकला होता. अकरा पाण्यांत वाळूचं फक्त तोंड धुऊन होतं.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला एवढंच पाहायचं होतं, की टोमॅटोच्या रोपाला लोह मिळालं नाही तर त्याचं काय होतं. हे मातीत लावून कळत नाही. माती म्हणजे एकत्र कुटुंबातली आजी. आईबापांनी बंद केलेला लाडू ती पदराआडून देतेच, आणि विचारलं तर "मी कुठे काय दिलं" म्हणते. वाळूला ही माया नाही. स्वच्छ गारेची वाळू रोपाला उभं राहायला जागा देते आणि तिथेच तिचा पाहुणचार संपतो. पाणी ओता, खालच्या भोकातून निघून जातं. खत घाला, धरून ठेवत नाही. रोपाच्या पोटात जाईल ते आपण बाटलीतून मोजून घातलेलं. शेवटी रोप काढायचं तर कुंडी बादलीत बुडवायची, मुळं तंतूंसकट अलगद मोकळी होतात. काळ्या मातीतून सोडवायला जावं तर अर्धी मुळं माती ठेवून घेते. शेतकरी ज्या कारणासाठी एखादा तुकडा फुकटसुद्धा घेणार नाही, त्याच कारणासाठी प्रयोगशाळा वाळूला डोक्यावर घेते.

वाळू आणायला गेले तेव्हा पुरवठादारानं वही उघडून विचारलं, "किती ब्रास?" ब्रास म्हणजे शंभर घनफूट.

"दोन बादल्या."

त्यानं वही मिटली. "बांधकाम काय आहे?"

"टोमॅटो लावायचेत."

"ताई," तो फार हळुवारपणे म्हणाला, "टोमॅटो मातीत येतात." पैसे घेतले नाहीत. वर पोऱ्याकडून बादल्या रिक्षात ठेवून दिल्या.

मग धुणं सुरू झालं. आधी चाळायची, मग नळाखाली गढूळपणा जाईपर्यंत धुवायची, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजत घालायची, मग ते आम्ल जाईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्यानं खळबळायची. आम्ल गेलं की नाही हे ओळखायला निथळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. पाणी दुधाळ झालं, की पुन्हा पहिल्यापासून. माझं पाणी तीन आठवडे दुधाळ होत होतं. आम्लाला दर वेळी पिवळसर झाक येत होती, तीही मी पाहत होते. पण दिसणं आणि समजणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच थोडं अंतर पडतं.

दुपारी वाळू भट्टीत वाळत असायची, तेव्हा मी माझ्या आधी या नादाला लागलेल्या मंडळींबद्दल वाचत बसे. त्यानं धीर यायचा. वीगमान आणि पोल्स्टॉर्फ या दोघा जर्मनांना पाहायचं होतं, की वनस्पती आपले क्षार स्वतःच निर्माण करते की बाहेरून घेते. ते वाळूच्याही पलीकडे गेले. 1842 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात प्लॅटिनमच्या मुशीत प्लॅटिनमच्याच तारेचे बारीक तुकडे भरून त्यात अळीव पेरले होते! आमच्याकडे अळीव बाळंतिणीच्या लाडवात जातो. त्या बिचाऱ्या अळिवाला प्लॅटिनमची गादी आणि ऊर्ध्वपातित पाणी मिळालं. बियांतली शिदोरी संपेपर्यंत रोपं उभी राहिली आणि मग मेली. त्यांची राख बियांच्या राखेइतकीच भरली. श्रीमंती असावी तर अशी, ज्यात उपाशी मरता येतं.

माझा सगळ्यात जीव जडला तो बूसँगोवर. या फ्रेंच रसायनज्ञानं 1838च्या सुमारास भाजलेल्या वाळूत वाटाणा आणि क्लोव्हर लावले आणि त्यांनी कुठून तरी नत्र मिळवल्याचं दाखवलं. कुठून, ते कळेना. पुढे 1850च्या दशकात त्यानं जास्त कडक बंदोबस्त केला, सगळं नीट भाजलं, रोपं झाकून ठेवली, आणि नत्र मिळेनासं झालं. प्रयोग जितका सोवळ्यात, तितकं उत्तर दूर.

उलगडा केला तो जर्मनीतल्या बेर्नबुर्गच्या हेलरीगेलनं. त्याच्या वाळूतले ओट्स अगदी कारकुनासारखे वागत: जितकं नायट्रेट, तितकी वाढ, नायट्रेट नाही तर काम बंद. वाटाणे मात्र लहरी. नत्र न देताही एका कुंडीत ते जोमानं वाढत, शेजारच्या कुंडीत उपाशी मरत. माझ्यासारखीनं अशा नोंदी "प्रायोगिक चूक" म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिल्या असत्या. त्यानं वाळू निर्जंतुक केली, तेव्हा सगळेच वाटाणे उपाशी राहिले. मग शेतातल्या मातीचं चमचाभर पाणी घातलं, आणि ते तरारले. मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात, हवेतलं नत्र तेच पुरवतात, हे त्यानं 1886 साली बर्लिनच्या परिषदेत सांगितलं. आजी इथेही होतीच. फक्त ती इतकी लहान होती की कुंडीत आलेली कुणाला दिसली नव्हती.

एकदाची माझी वाळू धुऊन झाली. रोपं लावली. निम्म्यांना पूर्ण द्रावण, निम्म्यांना लोह वगळून. पाच आठवड्यांनी दोन्ही रांगा सारख्याच हिरव्यागार. उपाशी रांग तर किंचित जास्तच खुशीत. मी सरांना बोलावलं. सर काही बोलले नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून लोहचुंबक काढला, कुंडीतल्या वाळूवरून फिरवला आणि माझ्यासमोर धरला. चुंबकाला काळी मिशी फुटली होती.

"अगं, ही आपल्या नदीची वाळू," सर म्हणाले. "सह्याद्रीचा काळा दगडच झिजून आलाय. आणि तू त्यातून लोह धुऊन काढणार?"

वाळू रगडून तेल काढण्याच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ. नको असलेलं काही वाळूतून काढायला निघालेल्याला मात्र कुणी वेळेवर सावध करत नाही.

मग एका मैत्रिणीनं सिंधुदुर्गातून, कासार्ड्याकडची सिलिका वाळू आणून दिली. पांढरीशुभ्र, साखरेसारखी. एस.टी.त शेजारच्या बाईनं चिमूटभर तोंडात टाकून पाहिल्याचं ती सांगते. मी विश्वास ठेवते. चुंबक फिरवला, तो कोराच राहिला. पुन्हा धुणं, पुन्हा दुधाळ पाणी, पुन्हा रोपं. आणि एका सोमवारी सकाळी कोवळी पानं पिवळी पडलेली दिसली. शिरा तेवढ्या हिरव्या, पुस्तकातल्या चित्रात असतात तशा. मी विभागात पेढे वाटले. शिपाईमामांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, रोपं आजारी पडली. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला मात्र जरा लांब जाऊन.

उरलेली वाळू टाकवेना. आठ दिवस धुतलेली वस्तू माणूस कशी टाकेल? घरी आणून मोरीजवळ ठेवली. सुट्टीत गेले तेव्हा पोतं रिकामं होतं. तुळशीची माती दगडासारखी घट्ट झाली होती, पाणी वरच साचायचं, म्हणून आईनं ती सगळी वृंदावनात कालवली होती. तुळस खरोखरच अंगठ्याएवढ्या जाड खोडाची झाली होती, मंजिऱ्यांनी वाकलेली.

आईनं मला ओढत नेऊन ती दाखवली आणि म्हणाली, "काही म्हण, तुझ्या वाळूत कस आहे हो!"