सरांचे नऊ केस

चांदूर बाजारला बस स्टँडजवळच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या आणि एक बाकडं आहे. खुर्च्या गिऱ्हाइकांच्या, बाकडं सरांचं. सर म्हणजे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे सर. सकाळी साडेनऊला पेपर वाचायला येतात. कापायला त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. उरलेले नऊ केस डाव्या कानावरून निघून, टाळूचं माळरान ओलांडून उजव्या कानाशी मुक्कामाला जातात. (नऊ हा आकडा दुकानदाराचा. मी मोजायला गेलो नाही.)

परवा लग्न ठरलेला एक पोरगा खुर्चीत बसला. "भौ, मधातून विरळ होऊन राह्यले. तेल कोनतं लावू?" दुकानदाराचा हात फळीवरच्या हिरव्या शिशीकडे गेला न गेला तोच बाकड्यावरून आवाज आला.

"अबे, तुह्या डोक्याचा निकाल तुह्या मायच्या पोटातच लागला. पाचव्या महिन्यात."

शिशी जागच्या जागी राहिली. "सर, दोन महिने झाले, एक शिशी खपली नाई," दुकानदार म्हणाला. पण सर आता वर्गात शिरले होते.

"तुमचा संत्र्याचा बगीचा हाय ना? कलमं किती अंतरावर?"

"अठरा-अठरा फुटांवर."

"कोनं मोजलं?"

"बाबानं. सुतळी धरून."

"मंग पोटात सुतळी कोनं धरली?"

सलूनमधलं मशीन बंद पडलं. प्रश्न खरंच बिकट होता. डोक्यावर लाखभर केस, एकाला लागून दुसरा, पण एकावर एक नाही. आखणी कुणी केली?

सरांचं उत्तर असं, की सुतळी कुणीच धरत नाही. पेशी एकमेकींना निरोप धाडतात. कातडीच्या खालच्या थरातून निरोप येतो, वरच्या थरातल्या पेशी एका ठिकाणी दाटतात आणि जाड ठिपका होतो. त्याला प्लॅकोड म्हणतात. 'उगवा' सांगणाऱ्या निरोपाचं नाव विंट. पण गंमत पुढे आहे. त्याच ठिपक्यातून शेजाऱ्यांसाठी दुसराही निरोप सुटतो, 'तुम्ही नको'. 'उगवा'वाला आळशी, जवळच घुटमळतो. 'नको'वाला दूरवर जाऊन येतो. म्हणून ठिपक्याच्या भोवती मोकळी जागा राहते आणि तिच्यापलीकडे दुसरा ठिपका उगवतो. हे गणित अ‍ॅलन ट्युरिंगनं १९५२ सालीच मांडलं होतं, युद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडणाऱ्या त्याच ट्युरिंगनं. केसांच्या बाबतीत ते लागू पडतं, हे उंदरांवर दिसलं २००६ साली.

"अन् मंग वरचा ठिपका खालच्या थराले उलट निरोप देते. त्याचं नाव सोनिक हेजहॉग."

"व्हिडिओ गेमवाला?" पोरगा पहिल्यांदाच सरळ बसला.

"त्याच्यावरूनच ठेवलं." हे सांगताना सरांचा चेहरा, घरातल्या पोरानं आजोबांचं नाव बदलल्यासारखा होतो. पण त्या निरोपानं ठिपका खाली उतरतो, तळाशी पेशींची गाठ जमते आणि केसाचं घर तयार होतं. अंगभर अशी सुमारे ५० लाख घरं. जन्मानंतर नवीन एकही नाही.

"पन्नास लाखांची लागवड, अन् नंतर निसता बहार अन् गळ," सर म्हणाले. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतो, तीनेक महिने आराम करतो आणि पडतो. संत्र्याला ताण देतात तसंच, फक्त इथं प्रत्येक झाडाचा हंगाम वेगळा. "टायफॉइड झाल्ता का तुले?" झाला होता, दिवाळीत. "मंग गळनच. येतीन परत. तेल भाजीत टाक."

पोरगा खूश झाला. दुकानदार झाला नाही.

सरांचे सुवर्णदिन म्हणजे जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवडकडे लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. पाणी म्हणा, बुरशी म्हणा, शाम्पू म्हणा, रोज नवं कारण. सर तेव्हा दिवसातून दोनदा सलूनमध्ये येत. "घर शाबूत हाय, काम बंद हाय," हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा हेका. पुढे विंचूदंशावर आयुष्य घातलेले महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. बऱ्याच जणांना केस परत येऊ लागले, तेव्हा सर आठवडाभर असे फिरले, जणू निरोप त्यांनीच धाडला होता.

घरी मात्र त्यांचं काही चालत नाही. नातवाच्या जावळाला आम्हाला बोलावणं होतं. पोर मामाच्या मांडीवर, दुकानदार वस्तरा घेऊन समोर. "वस्तरा वरून फिरते. मुळाले काय मालूम? केस दाट होत नसते," सर म्हणाले. काकू तांब्या ठेवत म्हणाल्या, "तुमचं जावळ काढलंच नव्हतं म्हने. पाहून राह्यलो आमी."

यावर जीवशास्त्रात उत्तर नाही.

मग सर भिंग घेऊन नातवाचा भोवरा बघायला वाकले. केस कुठल्या बाजूला कलतात, हे सांगणारं एक जनुक म्हणजे फ्रिझल्ड. ते काढून टाकलेल्या उंदरांना भलत्याच ठिकाणी भोवरे पडतात. काकूंना उंदरांशी कर्तव्य नव्हतं. "दोन हायेत का? दोन असले तं दोन बायका."

"एकच हाय," सर म्हणाले आणि आणखी खाली वाकले. तेवढ्यात पोरानं मूठ आवळली.

"आठ," दुकानदार हळूच म्हणाला.

सरांनी नातवाच्या मुठीतून तो लांब केस अलगद सोडवला, उजेडात धरला आणि भिंगाखाली मूळ पाहिलं. "पांढरी गाठ हाय. आरामातला केस हाय हा. जानारच होता."

असं म्हणून त्यांनी तो चष्म्याच्या डबीत ठेवला.