बिअरचा सातबारा

परभणीत बिअरचे प्रकार दोन: माइल्ड आणि स्ट्राँग. बिअर शॉपीच्या काउंटरवर तिसरा प्रश्न असतो तो 'थंड आहे का?' हा. मे महिन्यात पहिले दोन गळून पडतात आणि तेवढाच उरतो. ही वर्गवारी आमची घरगुती नाही, सरकारी आहे. पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलं तर माइल्ड, त्याच्या वर आठपर्यंत स्ट्राँग. या दोन खणांत अख्खा महाराष्ट्र मावतो आणि कोणाची तक्रार नाही.

तक्रार आली ती पुण्याहून. २००९ साली पुण्यात डूलाली निघाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. तेव्हापासून तिकडच्या पोरांच्या जिभा हळूहळू हाताबाहेर गेल्या. माझा आयटीतला भाचा त्यातलाच. तो सध्या बिअरचा परीक्षक होण्याच्या परीक्षेला बसलाय. बहिणीला वाटतं, कंपनीत बढतीची परीक्षा आहे. घरात शांतता नांदावी म्हणून मी तिचा तो समज मोडलेला नाही.

उन्हाळ्यात भाचा आला तो एक जाडजूड छापील बाड घेऊन. अमेरिकेत १९८५ पासून बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम नावाची संस्था आहे. जगभरातल्या घरगुती बिअर बनवणाऱ्यांच्या स्पर्धा बहुधा तिच्याच नियमावलीवर चालतात. २०२१ च्या आवृत्तीत बिअरचे चौतीस मुख्य वर्ग आहेत आणि प्रत्येकाला ए, बी, सी असे उपवर्ग. प्रत्येक उपवर्गाचा रंग किती गडद, कडूपणा किती, अल्कोहोल किती टक्के, फेस कसा, वास कसला, सगळं आकड्यांसकट नोंदलेलं.

मला दोन पानांत जांभई आली. पण शेजारचे भाऊसाहेब ताठ बसले. भाऊसाहेब निवृत्त तलाठी. अंगठा जिभेला लावून त्यांनी पानं उलटली, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "अहो, हा तर सातबारा आहे! हा गट नंबर, हा पोटहिस्सा. एक-ए, अमेरिकन लाइट लागर. हे क्षेत्र, ही आकारणी. इतकं स्वच्छ रेकॉर्ड आपल्या तहसिलीत नाही."

भाच्याला वाटलं, चेष्टा चाललीय. पण भाऊसाहेबांना त्या स्पर्धेचं मर्म पहिल्याच बैठकीत सापडलं होतं. ते असं, की सगळ्यात चांगली बिअर कोणती हे तिथे कोणी विचारतच नाही. स्पर्धक स्वतःच सांगतो की माझी बिअर अमुक गटातली. परीक्षक फक्त पाहतो, गटाचं वर्णन आणि ग्लासातला माल जुळतो का. जर्मन पिल्सनर आरशासारखी नितळ हवी, गढूळ झाली की गुण कापले. हेझी आयपीए मात्र गढूळच हवी, नितळ निघाली तर तिथे कापले. २०१८ साली ही हेझी तात्पुरती म्हणून २१-बी मध्ये आली आणि २०२१ मध्ये तिचा २१-सी असा स्वतंत्र उपवर्ग झाला. "फेरफार मंजूर," भाऊसाहेब पुटपुटले. "म्हणजे गढूळपणा गुन्हा नाही. चुकीच्या गटात गढूळ असणं गुन्हा आहे."

यात नवल वाटण्यासारखं मला काही दिसेना. आपण ज्या कायद्याखाली बिअर विकत घेतो त्याचं नाव दारूबंदी कायदा, साल १९४९. पिण्याचा जो परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी, असं त्यावर लिहिलेलं असतं. कागद एक आणि ग्लास एक, ही कला या राज्याला अमेरिकेने शिकवायला नको.

एकविसाव्या गटावर भाऊसाहेब बराच वेळ थांबले. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची बो ब्रुअरी इथल्या साहेबांसाठी बिअर धाडायची. केप ऑफ गुड होपला वळसा घालून पिंपं महिनोन् महिने हिंदकळत यायची. ती नासू नये म्हणून हॉप्स सढळ हाताने घालत आणि त्यातून कडू झालेली बिअर पुढे आपल्या नावाने प्रसिद्ध झाली. आज नियमावलीत इंग्लिश आयपीए १२-सी ला आहे आणि अमेरिकन आयपीए २१-ए ला. मग बेल्जियन, लाल, पांढरी, राईची. शिवाय एक काळी. म्हणजे काळी फिकट बिअर. भारतीय आयपीए कुठेच नाही.

"नाव इंडियाचं, वहिवाट इंग्लंडची, कसतो अमेरिकावाला," भाऊसाहेब म्हणाले. "आपलं नुसतं इतर हक्कात नाव."

ऊन उतरल्यावर गच्चीवर सराव परीक्षा ठरली. भाच्याने आधी नियम वाचले. अत्तर नको. तंबाखू नको. चिवडा, शेंगदाणे, ठेचा काही नको. तोंड साफ करायला कोरा पाव आणि पाणी. बायकोने तळलेली मिरचीची भजी जिन्यातूनच परत गेली. "मामा, तिखटाने जीभ बधिर होते," भाचा म्हणाला. भाऊसाहेबांनी शांतपणे विचारलं, "परभणीत बधिर नसलेली जीभ आणणार कुठून?"

मग प्रत्येकाच्या पारदर्शक ग्लासात दोन-तीन घोट. एवढीच? एवढीच. पण वाइनचे परीक्षक चाखून थुंकतात, बिअरचे गिळतात. कडूपणा घशाखाली उतरल्यावर किती रेंगाळतो तेही पाहायचं असतं म्हणे. हे ऐकून भाऊसाहेब हळहळले, "असं पद असतं हे नोकरीत असताना कोणी सांगितलं नाही."

गुण पन्नास. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण मताला १०. रूपाला पन्नासात तीन हे ऐकून बायको म्हणाली, "हा कागद स्थळं पाहायला येणाऱ्यांना वाटा." आणखी एक नियम: लिहून होईपर्यंत बोलायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. हा भाऊसाहेबांना सगळ्यात सोपा गेला. समोरच्याचं गाऱ्हाणं चेहऱ्यावरची रेघ न हलवता ऐकण्यातच त्यांची हयात गेली होती.

वासांची यादी भाच्याने तोंडपाठ केली होती. लोण्याचा वास आला तर डायअसिटिल. उकडलेल्या मक्याचा आला तर डीएमएस. हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर कोवळी आहे, पुठ्ठ्याचा आला तर शिळी. घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास बहुतेक ठिकाणी दोष, पण बेल्जियमच्या लँबिक बिअरमध्ये गुण. "बैलाची झूल चालेल का?" भाऊसाहेबांनी विचारलं. "घोडा गावात उरला नाही." उन्हात राहिलेल्या बिअरला येतो स्कंकचा वास. प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि गंधकाचा एक उग्र पदार्थ तयार होतो. तपकिरी बाटली ते बरंचसं अडवते, हिरवी तितकं नाही. स्कंक हे अमेरिकेतलं जनावर. भाच्याने ते उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. तरी तो ठामपणे लिहितो, 'स्कंकचा वास.' ऐकीव माहितीवरून नोंद करण्याची ही पद्धत भाऊसाहेबांना ओळखीची वाटली.

शेवटची बाटली आमच्याच कोपऱ्यावरच्या शॉपीतली स्ट्राँग. भाच्याने दिले १९. तेरापेक्षा खाली सहसा कोणाला नेत नाहीत, तेवढं सौजन्य पाळतात. भाऊसाहेबांनी दिले ४७. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'समक्ष पाहणी केली. बिअर अस्तित्वात आहे. थंड आहे. हरकत नाही.'

परीक्षकांच्या गुणांत साधारण सातच्या वर फरक पडला की चर्चा करून तो कमी करायचा असतो. भाच्याने अडचण मांडली. आपली स्ट्राँग दिसायला इंटरनॅशनल पेल लागर, गट २-ए. पण त्या गटाला अल्कोहोलची मर्यादा सहा टक्के. आपली त्याच्या पुढे जाते. जर्मन डॉपलबॉक म्हणावं, तर त्यात माल्टचा भरणा हवा. म्हणजे भारतात सगळ्यात जास्त खपणाऱ्या बिअरला नियमावलीत स्वतःचं घरच नाही.

भाऊसाहेब गंभीर झाले. "मग ही गायरानावर बसलीय. हिला काही गुण देऊन उपयोग नाही. आधी हिचं अतिक्रमण नियमित करा."

बाडाच्या शेवटी स्थानिक प्रकारांचं परिशिष्ट आहे. अर्जेंटिना, ब्राझील, इटली, न्यूझीलंड, सगळ्यांनी आपापली नावं लावून घेतलेली. ते पाहून भाऊसाहेबांचा स्वाभिमान जागा झाला. आपल्या कृषी विद्यापीठाने परभणी मोती काढली, परभणी ज्योती काढली, लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती काढली. एवढी ज्वारी असताना परभणीची बिअर का नसावी? आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या पितात. भाचा म्हणाला, "ज्वारीला जागा आहे, ३१-ए, पर्यायी धान्याची बिअर. पण जर्मनीत बसणार नाही. बव्हेरियाच्या ड्यूकने १५१६ सालीच ठरवून टाकलंय, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, चौथी वस्तू नाही."

हा घाव वर्मी बसला. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे ऐकत इथली माणसं लहानाची मोठी होतात, आणि त्याच जर्मनीने आपली ज्वारी पाचशे वर्षांपूर्वी बाद केलेली!

भाऊसाहेबांनी गुणपत्रिका उलटी केली आणि कोऱ्या बाजूला अर्जाचा मसुदा घातला. प्रकाराचे नाव: परभणी ज्वारी. रंग: दुधाळ. कडूपणा: जेमतेम. सोबत: मिरचीची भजी, सक्तीने. पाण्याच्या रकान्यावर भाच्याने अडवलं. पाण्यावर बिअरची जात ठरते, म्हणाला. पिल्झेनचं पाणी मऊ म्हणून तिथे पिल्सनर जमली, बर्टनच्या पाण्यात जिप्सम म्हणून तिथली पेल एल गाजली. आपलं पाणी कसलं लिहायचं? मराठवाड्यात हा प्रश्न जपून विचारावा. २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी साठ टक्क्यांपर्यंत तोडायला लावलं होतं. भाऊसाहेबांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'पाणी: येलदरीचं. येईल त्या दिवशी.'

अर्ज वाचून भाचा म्हणाला, "पण भाऊसाहेब, ही बिअर आहे कुठे? कोणी केलेली नाही. आणि परवान्याशिवाय घरी करायला गेलो तर गुन्हा दाखल होईल."

भाऊसाहेबांनी अर्जाची नीट घडी घालून खिशात ठेवली.

"भाचेबुवा, तुम्ही अजून लहान आहात. आधी नोंद लावून घ्या. बिअर काय, मागाहून निघते."