वेस्ट इंडीजचा शोध, मु. पो. अणदूर

वेस्ट इंडीजनं आपल्याला वर्षानुवर्षं बदडलं, पुढं आपणही उट्टं काढलं. पण त्यांच्याकडं जायचं म्हणून व्हिसाचा फॉर्म भरायला बसलं की कळतं, त्या नावाचा देशच नाही. १९५८ साली दहा वसाहतींनी मिळून एक संघराज्य थाटलं होतं. जमैकानं सार्वमत घेऊन अंग काढून घेतलं, मागोमाग त्रिनिदाद निघालं, आणि १९६२ मध्ये सगळा संसार मोडला. उरला तो फक्त क्रिकेटचा संघ. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, देवघर तेवढं सामायिक राहिलं. मराठवाड्यात हा प्रकार कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या घरात हा विषय काढला तो हिनं. काशी झाली, रामेश्वर झालं, अक्कलकोट-गाणगापूर तर बाजारला जाऊन यावं तसं चालू असतं. एका रात्री ज्वारी निवडता निवडता ही म्हणाली, "अहो, ती तुमची बेटं एकदा बघून येऊ की. जन्मभर रात्री जागून तिकडचे सामने बघितलाव, लाइटबिल मी भरलंय."

तिकडं सकाळचे दहा वाजले की इथं संध्याकाळचे साडेसात होतात, कसोटीचा दिवस संपेपर्यंत आपल्याकडं मध्यरात्र उलटून जाते. तेव्हा लाइटबिलाच्या मुद्द्याला उत्तर नव्हतं.

मी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर भूगोल ऐकायला कुणी तयार नसतं, म्हणून ही संधी मी साधली. अॅटलास काढला आणि हिला दाखवलं: अणदूर १८ उत्तर अक्षांशाच्या जरा खाली, ७६ पूर्व रेखांशाच्या जरा पुढं. जमैकाचं किंग्स्टनही १८ उत्तरच्या जरा खालीच, आणि रेखांशही ७६ च्या पुढंच, फक्त पश्चिम. ग्रिनिचवर नकाशाची घडी घातली तर अणदूर जवळजवळ किंग्स्टनवर जाऊन टेकतं. एवढा चमत्कार आख्ख्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याला सांगायचं सुचलं नव्हतं.

ही घडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ऊन आपल्यासारखंच."

"हो, पण समुद्र आहे ना तिथं."

"उन्हातच आहे ना पण?"

तरीही आम्ही सोलापूरला एका एजंटकडं गेलो. पोरगा आमच्या चिरंजीवांच्या वयाचा. काका-काकू म्हणून पाणी दिलं, लॅपटॉप आमच्याकडं फिरवला. सात रात्री, आठ दिवस, पाच देश: जमैका, अँटिग्वा, डॉमिनिका, बार्बाडोस, त्रिनिदाद. पडद्यावर ही सगळी बेटं अशी चिकटून बसलेली की एकावरून हाक मारली तर दुसऱ्यावर ऐकू जावी. मी खिशातली पट्टी काढली. (भूगोलाच्या माणसाच्या खिशात पट्टी असते.) किंग्स्टन ते पोर्ट ऑफ स्पेन सरळ रेषेत अठराशे किलोमीटरच्या वर निघालं. म्हणजे अणदूर ते श्रीनगर. त्याला म्हटलं, "अहो, हे तुम्ही 'सकाळी प्रस्थान, दुपारी स्थलदर्शन' असं लिहिलंय."

"काका, विमान आहे ना."

विमान आहे, पण 'गाव तिथे एसटी' असं तिकडं कुणी म्हटलेलं नाही. शेजारच्या बेटावर जायला पुष्कळदा तिसऱ्याच बेटावर उतरून ताटकळावं लागतं. बेटं जोडण्यासाठी १९५६ पासून उडणारी लिआट नावाची कंपनी २०२० मध्ये बसली, आणि नव्या अवतारात २०२४ मध्ये उठली. एजंटच्या कार्यक्रमातल्या सात रात्रींपैकी दोन मी विमानतळावरच्या बाकड्यांवर मोजल्या. त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याच्या कागदावर त्याही 'रात्री'च होत्या.

मग व्हिसा निघाला. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद ही मंडळी थोड्या दिवसांच्या सहलीला आपल्या पासपोर्टकडं व्हिसा मागत नाहीत. पण अमेरिकेवरून गेलं तर तिथं नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. हिनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ज्यांच्याकडं जायचंय ते काहीच विचारत नाहीत, आणि ज्यांच्याकडं जायचंच नाही ते मुलाखत घेणार?"

"युरोपातूनपण जाता येतं, काकू. फक्त कुठल्या देशात विमान बदलता, त्यावर आहे."

"आणि जहाज?" मी विचारलं. जहाजाचा फोटो त्यानं दाखवला. आमच्या गावातली सगळी घरं एकावर एक रचली तरी एवढी उंची व्हायची नाही. एकदा बॅग उघडली की आठ दिवस बंद करायची नाही, रोज नवं बेट. पण त्या जहाजात चढायचं मायामीला, म्हणजे पुन्हा तीच मुलाखत. शिवाय जहाज बेटावर थांबणार सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. ही म्हणाली, "नको. आपल्यासाठी कुणी हॉर्न वाजवत थांबलेलं मला चालत नाही." एसटीच्या कंडक्टरनं एकदा हिला तुळजापूरच्या स्टँडवर असंच घाई केलं होतं, ते अजून गेलेलं नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात बसलो तर एकानं विचारलंच, "कुठं जायलाव म्हणं, गुरुजी?"

मी सांगितलं.

"तिकडं आपलं कोण हाय?"

कुणी नाही म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. "मग उतरणार कुणाकडं?" दुसऱ्यानं तेवढ्या पैशात किती बोअर पडतील ते हिशेबासकट सांगितलं. तिसरा शेतकरी जरा चौकस. बघण्यासारखं काय आहे, असं त्यानं विचारलं. त्याला मी त्रिनिदादच्या ला ब्रियाचा डांबराचा तलाव सांगितला. जमिनीतून आपोआप वर येणारं डांबर, शंभर एकर. वॉल्टर रॅलेनं १५९५ साली त्यातलं डांबर काढून आपल्या जहाजाच्या फटी बुजवल्या होत्या.

"शंभर एकर?" हॉटेलात एकदम शांतता झाली. आमचं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. त्या रस्त्याचं चौपदरी होणं ज्यांनी उंबऱ्यात बसून वर्षानुवर्षं बघितलंय, त्यांना शंभर एकर डांबर म्हणजे काय ते कळतं. शेवटी एकजण म्हणाला, "गुरुजी, जावा तुम्ही. येताना थोडं घेऊन या."

'आपलं कोण हाय' हा प्रश्न मात्र हिच्या मनात राहिला होता. तिला सांगितलं, तिकडं आपली माणसं आहेत. ३० मे १८४५ ला फातेल रझाक नावाचं जहाज भारतातून मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं, आणि तो दिवस अजून तिथं सरकारी सुट्टीचा असतो. आलेले बहुतेक भोजपुरी मुलखातले, उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेले. तिथं डाळ भरलेली पोळी करतात, तिला डालपुरी म्हणतात. "गूळ घालत नाहीत?" "नाही." "विसरले असतील बोटीत," ही म्हणाली आणि त्या सगळ्यांना तिनं माफ केलं.

पण ती खरी थांबली ती शिवदास साधूंपाशी. त्यांनी वॉटरलू गावात साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं आणि वर त्यांनाच तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर ते गडी जमिनीच्या वाटेला गेलेच नाहीत. समुद्रात भर घालायला लागले. सायकलीवरून दगड-सिमेंट नेऊन ओहोटीच्या चिखलात पंचवीस वर्षं एकट्यानं देऊळ उभं करत राहिले. १९९५ मध्ये ते नव्यानं बांधलं, अजून समुद्रातच आहे. हिनं वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं: त्रिनिदाद. खाली दोन रेघा.

माझी यादी मैदानांची. पोर्ट ऑफ स्पेन, कारण १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते तिथं. त्याच मैदानावर सुनील गावसकर पहिली कसोटी खेळले आणि चार कसोट्यांत ७७४ धावा करून मालिका संपवली ती तिथंच, शेवटच्या कसोटीत दाढदुखी घेऊन १२४ आणि २२०. सरदेसाईंच्या ६४२ धावा लोक विसरतात, मी विसरत नाही. १९७६ मध्ये चौथ्या डावात ४०३ धावांचं आव्हान पार केलं तेही तिथंच. आणि ब्रिजटाउन! १९९७ मध्ये १२० धावा हव्या असताना आपण तिथं ८१ मध्ये आटोपलो. त्या खेळपट्टीकडं एकदा जवळून रागानं बघून यायचं, एवढी माझी जुनी इच्छा. २९ जून २०२४ ला त्याच मैदानावर आपण सात धावांनी विश्वचषक जिंकला आणि रोहित शर्मानं खेळपट्टीवरचं गवत उपटून तोंडात घातलं, तेव्हा राग निम्मा ओसरला. ही ते टीव्हीवर बघत होती. "जेवले नव्हते का?" एवढंच म्हणाली.

आता बेटं कापायची. अँटिग्वा म्हणतं आमच्याकडं वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असे ३६५ किनारे. डॉमिनिका म्हणतं, ३६५ नद्या. ज्या गावाच्या बोरी नदीला पाणी कधी येतं हे विचारून घ्यावं लागतं, तिथं असले आकडे कुणी मनावर घेत नाही. डॉमिनिकाचे धबधबे एजंटनं दाखवले, तेव्हा ही म्हणाली, "नळदुर्गच्या किल्ल्यात नर आणि मादी असे दोन हायत. तिकीट काढून एक कशाला बघायचा?" डॉमिनिका गेलं. श्रीनगरचं अंतर सांगून जमैका मीच पाडलं, अक्षांशाचं दुःख गिळून. उलट ग्रेनडा यादीत नसताना घुसलं, कारण त्याच्या झेंड्यावर जायफळ आहे. पुरणात, बासुंदीत, बाळाच्या गुटीत घालायचं जायफळ एखाद्या देशानं झेंड्यावर घ्यावं, हे हिला फार पटलं. "शहाणी माणसं दिसतात." २००४ च्या इव्हान वादळानं तिथली जायफळाची झाडं झोपवली, हे सांगितल्यावर तर आपण गेलंच पाहिजे असं ठरलं, जणू समाचाराला.

वादळावरून तारखा निघाल्या. १ जून ते ३० नोव्हेंबर तिकडं वादळांचा हंगाम. विश्वचषक जिंकलेली आपली पोरं बेरिल वादळामुळं बार्बाडोसमध्ये हॉटेलात अडकून पडली होती, कप उशाला घेऊन. शेवटी खास विमान पाठवावं लागलं. आम्हाला कोण पाठवणार? शिवाय त्याच महिन्यांत पेरणी, श्रावण, गौरी-गणपती, नवरात्र, सोयाबीनची काढणी आणि दिवाळी. डिसेंबर ते एप्रिल तिकडं कोरडं, सुंदर. इकडं चंपाषष्ठी होते न होते तोच पौष पौर्णिमेची यात्रा, मग ज्वारीची काढणी, मग लग्नसराई. जगातला एकही महिना दोन्हीकडं रिकामा निघेना.

त्यात पिवळ्या तापाची लस. त्रिनिदादहून परत येणाऱ्याकडं तिचा दाखला नसला तर आपल्याकडंच विमानतळावरून उचलून वेगळं ठेवतात. ती लस ठरावीक केंद्रांतच मिळते आणि टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. पिवळं म्हटल्यावर हिला भलतीच आठवण झाली. "भंडारा न्यायचा ना बरोबर?" खंडोबाच्या गावचा माणूस भंडाऱ्याशिवाय वेस ओलांडत नाही. परक्या कस्टमच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पुडीतली पिवळी पूड कशी समजावून सांगायची, याची इंग्रजी वाक्यं मी रात्रभर तयार केली. एकही पटण्यासारखं झालं नाही.

आमची खरी भांडणं झाली ती कुठं किती दिवस यावरून. तोडगा एजंटमुळं सुचला. तो सेंट मार्टिन खपवत होता: जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं बेट, एक भाग फ्रान्सकडं, दुसरा नेदरलँड्सकडं, १६४८ च्या करारापासून. मी म्हटलं, "पोरा, करार आम्हाला नको सांगू." आमचा खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. पौषातली यात्रा तिकडंच भरते. देव नेताना आणि आणताना दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात. फ्रेंच-डचांनी नुसती जमीन वाटली. आम्ही देव वाटून घेतला, तोही पाव महिन्याच्या हिशेबानं.

घरी येऊन त्याच धर्तीवर कागद केला. देव मैलारपुराहून परत अणदुरात आल्यावर निघायचं. ज्वारी मेहुण्याकडं. त्रिनिदाद सव्वातीन दिवस: देऊळ आधी, मैदान नंतर, डांबर वेळ उरला तर. ग्रेनडा पावणेदोन दिवस, जायफळ घेताना पक्षकार क्रमांक एक यांनी 'पुरे' म्हणायचं नाही. बार्बाडोस दोन दिवस, मैदानाच्या दारात पक्षकार क्रमांक दोन यांनी 'झालं का' असं विचारायचं नाही. शेंगाचटणी व कडक भाकरी दोघांनी निम्मी निम्मी उचलावी. भंडारा पक्षकार क्रमांक एक यांच्या बॅगेत.

शेवटचं कलम हिनं माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिलं: ब्रिजटाउनच्या मैदानावरचं गवत पक्षकार क्रमांक एक यांनी खाऊ नये. मी सही करायला वाकलो, तर तिनं थांबवलं, 'गवत' या शब्दावर एक काकपद दिलं आणि वर बारीक अक्षरात 'अथवा माती' घातलं. खाडाखोड असल्यामुळं तिथं दोघांच्या वेगळ्या सह्या आहेत.