मोटारीच्या पोटाला गंजरोधक लेप : विधी, निषेध आणि पथ्ये

नवी गाडी दारात आली की बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू चिरडते, पुढे मिरच्यांचा हार लटकतो. दृष्ट लागायची ती वरून आणि गंज लागायचा तो खालून. तरी सगळा बंदोबस्त वरच. गाडीच्या पोटाकडे नजर जाते ती थेट विकायच्या दिवशी, आणि तीही घेणाऱ्याची.

आपल्या परंडा तालुक्यात हा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो : इथे प्यायला पाणी नाही, गंज कुठून यायचा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला, त्याचे बरेचसे श्रेय लोखंडातल्या फॉस्फरसला आणि थोडे दिल्लीच्या कोरड्या हवेला देतात. आपल्या किल्ल्याचा दाखला तर घरचाच. अहमदनगरला 1549 मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती. आदिलशाहीने 1632 मध्ये ती विजापूरला नेली. पन्नास टनांच्या वर वजन, आणि कोणी कधी तिच्या पोटाखाली ब्रश घेऊन शिरल्याची नोंद नाही. कारण ती काशाची आहे. आपली गाडीही काशाची असल्यास वाचकाने इथेच थांबावे.

पत्र्याची असल्यास पुढे वाचावे. परंड्यात पाऊस कमी पडतो, पण पडतो तो काळ्या मातीवर. ही माती चाकाच्या वरच्या खोबणीत, दाराखालच्या पट्टीच्या आत, जिथे दोन पत्रे जोडले आहेत तिथे जाऊन बसते. वरून सुकलेली दिसते, आत आठवडाभर ओल धरून असते. गंज त्या ओलीत धरतो. पाऊस कधीचा विसरलेला असतो, माती विसरत नाही.

मुहूर्त वैशाखाचा. मृगाच्या आधी, पत्रा ठणठणीत कोरडा असताना. अडचण एवढीच की वैशाखात लग्ने असतात आणि गाडी आपली नसते; ती कधी मेव्हण्याची, कधी नवरदेवाची असते. दोन लग्नतिथींच्या मधला दिवस पंचांगात पाहून ठेवावा आणि घरात कोणालाही सांगू नये.

जागा सिमेंटच्या कोब्याची. काळ्या रानात जॅक लावला की गाडी वर न जाता जॅक खाली जातो. आणि हे मात्र चेष्टेत घेऊ नये : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. लोखंडी स्टँड लावावेत, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी द्यावी, काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. विटांचा थर भरवशाचा नाही, वीट एका क्षणात फुटते.

आपण पाठीवर आडवे झालो की मार्गदर्शक मंडळ जमते. त्याला निमंत्रण लागत नाही.

“काय करायलाव आप्पा?”

“गंजाचं बघायलोय.”

“कशाला एवढा कुटाणा? ट्रॅक्टरचं काळं ऑईल मारा की. आमच्या ट्रॉलीला मारतोय, काय झालं नाही.”

ट्रॉलीला काय झाले नाही हे खरे, कारण ट्रॉलीला रबरी बुश फारसे नाहीत आणि तिच्यात बसून कोणी नव्या साडीत लग्नाला जात नाही. जळके ऑईल धूळ ओढून घेते, रबर फुगवते, कातडीला अपायकारक असते आणि ठिबकून विहिरीपर्यंत पोचते. मंडळाला चहा द्यावा, ऑईल नाकारावे.

आता मुख्य विधी, आणि तो लेप नव्हे, धुणे. इथेच नव्वद टक्के भाविक कंटाळतात. सगळी माती जोराच्या पाण्याने काढायची असते, आणि गल्लीत टँकरची वाट पाहत घागरी उभ्या असताना गाडीचे पोट धुणे म्हणजे निवडणुकीला न उभे राहताच पडणे. वॉशिंग सेंटर गाठावे. धुतल्यावर एक पूर्ण दिवस ऊन द्यावे. मातीवर आणि ओलीवर लेप मारणे म्हणजे धुळीवर डांबर ओतून रस्ता केला म्हणणे. बिल निघते, रस्ता पहिल्या पावसात निघतो. रस्ता निदान उघडा पडून दिसतो तरी, गाडीचा लेप आत ओल कोंडून वरून काळाभोर राहतो. अशा लेपापेक्षा लेप नसलेला बरा.

सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढावा. डोळ्यांवर चष्मा हवाच, गंज खाली पडतो आणि खाली आपला चेहरा असतो. मग स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. आरपार गेले तर ब्रश ठेवून वेल्डिंगवाल्याकडे जावे, भोकाला रंग देता येत नाही. चिकटून राहिलेल्या गंजावर त्याला काळा, स्थिर करणारा द्रव मिळतो. त्यात बहुधा टॅनिक आम्ल असते. टॅनिन बाभळीच्या सालीतही असते, पण म्हणून बांधावरची बाभळ सोलून उकळत बसू नये.

त्यावर प्रायमर. पूर्वी लोखंडी पूल आणि जहाजांना पहिला हात शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साईडचा असे. आपल्या म्हसोबाला गंज न चढण्याचे हे एक कारण मानायला हरकत नाही. तो दगडाचा आहे, हे दुसरे. शिसे विषारी, तेव्हा गाडीला रेड ऑक्साईड किंवा जस्ताचा प्रायमर पुरे. तो सुकला की अंडरबॉडी कोटिंगचे पातळ दोन हात. एकच जाड हात मारणाऱ्याला आतला भाग ओला सापडतो.

उत्साहात सगळेच काळे करू नये. सायलेन्सर आणि त्याची नळी रंगवली की पहिल्याच फेरीत गाडी पेटल्यासारखा धूर येतो. ब्रेकच्या तबकड्या, फिरते दांडे, रबरी बुश, ऑईलचा बोल्ट झाकून घ्यावेत. दाराखालच्या पट्टीत बारीक भोके असतात; ती कारखान्याची चूक नव्हे, आत शिरलेले पाणी बाहेर पडायची वाट आहे. ती बुजवली की आत तळे साचते.

पाणीच नसलेल्या या तालुक्यात 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला असा पूर आला की माणसे काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. पाण्यात बसलेल्या गाड्यांना बाहेरून लेप लावून काही साधत नाही. गाळ पट्ट्यांच्या आत असतो. आधी आतले गालिचे काढायचे, भोके मोकळी करून स्वच्छ पाण्याने गाळ वाहून जाऊ द्यायचा, सुकवायचे, मग आत पातळ मेणाचा फवारा.

तेव्हा जुनी गाडी घ्यायला जाल आणि तिचे पोट नव्याकोऱ्या काळ्या लेपाने चकाकताना दिसेल, तर खूश होऊ नका. टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरायची परवानगी मागा. मालक नको म्हणाला, तर चहा प्या आणि एसटीने परत या.