जाऊन येऊन संध्याकाळी घरी

हुबळीच्या देशपांडे नगरात नातेवाईक असणं ही पुणेकरांची मोठी सोय. पश्चिमेला तास-दीड तासात मलनाडची झाडी लागते, पूर्वेला काळ्या मातीचं सपाट रान आणि त्यात चालुक्यांची देवळं. अडचण एवढीच, की पाहुण्या मेहुण्यांना हे सगळं एकाच दिवशी हवं असतं. रात्री ताटं उचलायच्या आत बेत ठरतो: सकाळी बदामी, दुपारी दांडेली आणि येताना जाता जाता धारवाडचा पेढा.

बदामी ईशान्येला सुमारे 100 किलोमीटर, दांडेली उलट्या दिशेला 75 च्या आसपास, आणि धारवाड या दोन्हींपैकी बदामीच्या तर अजिबात वाटेवर नाही. यजमान अण्णा हे सांगून पाहतात. पण अण्णांची अंतरं लाल बसच्या काळातली आणि मेहुण्यांची मोबाइलमधली, त्यामुळे वाद रंगतो, बेत तसाच राहतो.

आत्याबाई या वादात पडत नाहीत, कारण निघायची वेळ शेवटी त्यांच्याच हातात असते. दशम्या भाजून होतात, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी बांधली जाते, मग दह्याचा डबा. त्याचं झाकण घट्ट लावून, डबा उलटा धरून, खाली तळहात ठेवून गळतो का हे पाहणं. गळतोच. मग झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, पुन्हा उलटा, पुन्हा तळहात. सहाला निघणारी गाडी साडेनऊला निघते. ड्रायव्हरचं तोवर कोपऱ्यावर गिरमिट-मिरची भजी खाऊन झालेलं असतं. दिवसभरात काय जमेल हे त्याला नेमकं ठाऊक असतं, पण त्याला विचारतो कोण?

बदामीच्या तिसऱ्या लेण्यात शके 500, म्हणजे इ.स. 578 चा लेख आहे. लेण्याची तारीख इतकी चोख मिळणं हे भाग्यच. पण त्या लेखाकडे पाहायला मान वर करावी, तर पिशवीवरची नजर हटते, आणि बदामीची माकडं याच क्षणाच्या प्रतीक्षेत असतात. दशम्या जातात. दही मात्र वाचतं. ते झाकण माकडालाही उघडत नाही. या शोकसभेत पट्टदकल राहून जातं. ते 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेव्हा पुढच्या वर्षीही असेलच, असं मेहुणे म्हणतात.

खरं तर इथल्या पाण्याकडून शिकण्यासारखं आहे. उणकल तलावाकडून निघालेला प्रवाह आणि धारवाडजवळच्या सोमेश्वराहून येणारी शाल्मला कलघटगीकडे एकत्र येतात, त्यांची बेडती होते आणि यल्लापूरजवळ मागोडला ती दरीत उडी घेते. एकच दिशा, वाटेत खरेदी नाही. मागोड पाहायचं तर पावसाळा सरता सरता जावं. मेहुण्यांची रजा मे महिन्यात असते, तेव्हा कडे भरपूर दिसतात.

सहलीचा धडा तर देशपांडे नगरातच आहे. गंगूबाई हनगल याच भागात राहायच्या. तरुणपणी सवाई गंधर्वांकडे शिकायला त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जायच्या आणि शिकवणी झाली की परत यायच्या. एक गाव, एक काम. भीमसेन जोशीही कुंदगोळलाच शिकले, पण त्यांनी जाऊन येऊन करण्याची भानगड ठेवली नाही. गुरूंच्या घरीच राहिले.

मेहुणे कुंदगोळला साइटसीइंगमध्ये धरत नाहीत. एके दिवशी गाडीच मिळाली नाही म्हणून सगळे रेल्वेने गेले. चालुक्यांच्या काळातलं शंभुलिंगाचं देऊळ निवांत पाहिलं. सवाई गंधर्वांच्या स्मृतीत जिथे गाणं होतं तो नाडगीर वाडा पाहिला, आणि दुपारच्या जेवणाला मंडळी घरी. शेजारीण कुंपणावरून नेहमीप्रमाणे ‘ऊट आतेन्री?’ विचारते, तर या वेळी जेवण खरंच झालेलं. इतकी सरळ पार पडलेली सहल मेहुण्यांच्या पचनी पडेना. ‘अर्धा दिवस फुकट गेला,’ असं म्हणून त्यांनी जोगचा धबधबा काढला, आणि पहिल्यांदाच ड्रायव्हरला फोन लावून विचारलं.

‘जोग? दीडशेच्या वर आहे, साहेब. पहाटे चारला निघालो तर रात्री दहापर्यंत आणून सोडतो.’

‘उत्तम,’ मेहुणे म्हणाले. ‘मग वाटेत मुरुडेश्वरही बसेल ना?’